धुळाजीपुढचा दिवा

ताराबाईनं दिवा लावला आणि वाऱ्यानं जाऊ नये म्हणून भिंतीला अगदी खेटून ठेवला. भिंत कसली, दूध सोसायटीचं तोंडच ते. चांगल्या दिवसांत संचालकांना हौस आली, दर्शनी बाजूला खालपासून वरपर्यंत वर चकचकीत पत्रा आणि आत प्लास्टिक असलेल्या शीट ठोकल्या आणि मधल्या शीटवर धुळाजीचा फोटो छापला. सोसायटी त्यानंच काढली होती. माणूस गेल्यावर का होईना, थोर झाला. ताराबाईला त्या थोरपणाचं काय? नवऱ्याचा दुसरा फोटोच नव्हता, म्हणून ती रोज दिवेलागणीला इथं यायची.

यंदा दुष्काळानं दूध आटलं, सोसायटीला कुलूप लागलं. जनावरं छावणीत, माणसं जनावरांमागं. तिच्याशी दोन शब्द बोलायला गावात उरलं होतं कोण?

आज सेक्रेटरी बबनराव कुलूप बघायला आले, तर दिव्याजवळ शीटला फोड आलेला.

"काकू, दिवा हितं ठेवत जाऊ नगा."

"कावून? आमच्या मालकापुढं दिवा लावायला बी ठराव लागतो का?"

आवारात पडलेला शीटचा एक तुकडा बबनरावांनी उचलला, लांब नेऊन उभा धरला आणि खालच्या कडेला काडी लावली. वरची चकाकी सुरकुतली. आतलं काळं प्लास्टिक वितळून जळतं थेंब गाळायला लागलं आणि जाळ सरसर वर चढला. त्यांनी तुकडा मातीत फेकला.

"भिंतीच्या अन् शीटच्या मधी पोकळी हाय, काकू. जाळ एकदा आत शिरला की धुराड्यागत वर जातोय. टँकर येतो चौथ्या दिवशी. इझवायचं कशानं?"

ताराबाईनं त्या धुमसत्या तुकड्याकडं पाहिलं, मग वर नवऱ्याच्या तोंडाकडं.

"एकदा गेले, तेवढं लई झालं," ती म्हणाली.

बबनराव दिव्यावर वाकले.

"फुंकू नगा."

तिनं चिमटीत वात धरून स्वतःच दिवा शांत केला. बोटं भाजली.

बबनरावांची फटफटी गेली. अंधार पडत चालला, धुळाजीचा चेहरा दिसेनासा झाला. ताराबाई तिथंच पायरीवर बसून राहिली. लई एकटं वाटलं तिला. घरी जाऊन तरी कुणाचं तोंड बघायचं? मग मान वर करून ती म्हणाली,

"अवो, दिवा न्हाई म्हणून मी आले न्हाई, असं समजू नगा."