कानवाले मिस्त्री

गाडी तिसऱ्यांदा गतिरोधकावरून गेली आणि ती चालवणाऱ्या मिस्त्रींनी डोळे बारीक करून मान डोलावली, गाणं शिकवणारा मास्तर चुकलेला सूर पकडतो तशी. ऐकलं मात्र काहीच नव्हतं.

शेजारी बसलेले टॅक्सीमालक त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. त्यांच्या नऊ टॅक्सी होत्या. ही नववी, आणि सगळ्यांत द्वाड. खड्डा आला की पुढून खट् करायची, आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हातात ठरत नसे. दोन गॅरेजवाल्यांनी मिळून चारही शॉकअप बदलले होते. खट् जागच्या जागी होतं. "हिचं दुखणं शोधा, बाकीच्या आठही तुमच्याकडे आणतो," असं ते निघतानाच म्हणाले होते. कोपऱ्यावर मशीनवालं नवं गॅरेज उघडल्यापासून मिस्त्रींच्या दारात गाड्यांपेक्षा मांजरं जास्त दिसत होती. त्या आठ टॅक्सी आल्या तरच ते दार उघडं राहणार होतं.

लोक त्यांना कानवाले मिस्त्री म्हणत. गाडी दारातून आत शिरेपर्यंत लिंक गेली की बुश गेलं, हे ते पाठमोरे उभे राहून सांगत. तीस वर्षं गॅरेज या नावावर चाललं. दोन वर्षांपूर्वी कानांनी दगा दिला. आधी बारीक आवाज गेले, मग जाडे. समोरचा माणूस बोलला तर ते ओठांवरून ओळखत. पण गाडीला ओठ नसतात. ही गोष्ट जगात आणखी एकाच माणसाला ठाऊक होती, आणि ते माणूस मागच्या सीटवर नाकाशी लिंबू धरून बसलं होतं.

"बायकोला फिरायची हौस," असं मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगत. खरं तर बायकोला गाडी लागायची. दुसऱ्या वळणापासूनच तिला मळमळायला लागे. तरी ती यायची, कारण खुणा ठरलेल्या होत्या. बिघाड पुढे डावीकडे असला तर डाव्या खांद्यावर बोट, उजवीकडे असला तर उजव्या. मागे असला तर पाठीवर. बाजू एकदा कळली की पुढचं मिस्त्री आपल्या अनुभवावर जुळवून घेत. दोन वर्षांत तिचं बोट एकदाही चुकलं नव्हतं. याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण जेवताना ते तिच्याकडे चोरून बघत. जे शिकायला आपली उमेदीची पंधरा वर्षं गेली, ते हिला भाजी निवडता निवडता कसं आलं, या विचाराने त्यांना जेवण गोड लागत नसे.

चौथा गतिरोधक आला. डाव्या खांद्यावर बोट टेकलं.

"पुढची डावी बाजू," मिस्त्रींनी जाहीर केलं. "शॉकअप नाही. खालच्या आर्मचा बॉल जॉइंट."

टॅक्सीमालकांनी ते बोट पाहिलं. नऊ ड्रायव्हर सांभाळणारा माणूस, सहज फसणारा नव्हता. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि साध्या आवाजात म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या बाजूचं चाक निखळून चाललंय."

मिस्त्री मजेत शीळ घालत राहिले.

"अगं बाई, कुठे?" मागून बायको किंचाळली. तिच्या हातातलं लिंबू सीटखाली गेलं. मिस्त्रींना तेही ऐकू आलं नाही.

गॅरेजात गाडी जॅकवर चढली. मिस्त्रींनी पुढचं डावं चाक वरून आणि खालून धरून हलवलं. पडायला आलेला दात हलतो तसं ते हललं. बॉल जॉइंट पार खिळखिळा झाला होता. टॅक्सीमालकांनी स्वतः हलवून पाहिलं, हात पुसले आणि मिस्त्रींच्या अगदी समोर येऊन उभे राहिले. एकेक शब्द सुटा करून म्हणाले,

"बिघाड बरोबर काढलात. पण तुम्हाला ऐकू येत नाही."

बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांचं वर्तमानपत्र खाली आलं. मिस्त्रींकडे सर्दीची थाप दोन वर्षं तयार होती. त्यांनी ती तोंडाशी आणलीसुद्धा. मग त्यांची नजर बायकोकडे गेली. ती दाराला टेकून उभी होती, चेहरा हिरवा पडलेला, अजून पोटावर हात. दोन वर्षं ही बाई त्यांच्या नावासाठी अशी हिरवी पडत होती.

"नाही येत," मिस्त्री म्हणाले. "ऐकते ती. बिघाड तीच सांगते, मी नुसते पाने फिरवतो. पाटीवर नाव हवं ते तिचं."

टॅक्सीमालकांनी बायकोला चक्क हात जोडले. "वहिनी, धन्य आहे तुमची! आठही गाड्या उद्यापासून तुमच्या हवाली. एवढंच सांगा, एवढ्या खडखडाटातून आवाज नेमका ओळखता कसा?"

"मी?" बायको गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा नवऱ्याकडे बघत राहिली. मग नवऱ्यालाही कळावं म्हणून तोंड त्याच्याकडे करून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"मला कसला आवाज ओळखता येतोय, भावजी! मला तर सगळी गाडीच वाजतेय असं वाटतं. खड्डा आला की यांचाच एक खांदा टुणकन वर उडतो, कधी पाठ; मी आपली तिथे बोट ठेवते."