भट्टीजवळची जागा

“अहो बाबा, सेल्फ तरी मारून बघा ना!” नारिया दारातून पुन्हा ओरडली.

“मारतोय की! दार लाव आधी, घर गार होईल,” उइबान गाडीच्या पोटाखालून म्हणाला.

बाहेर उणे बावन्न होतं. धुक्यात अंगणातली जुनी जीप अर्धीच दिसत होती. थिजलेलं ऑइल पातळ व्हावं म्हणून चेंबरखाली ब्लोटॉर्च धरून धरून उइबानचे हात भरून आले होते. किल्ली फिरवली की सेल्फ एकदा कण्हायचा आणि गप्प व्हायचा.

याकुत्स्क शहराला जाणारं विमान आठवड्यातून एकदाच, तेही नदीपलीकडच्या धावपट्टीवरून. सोमवारी नारिया तिथल्या नर्सिंगच्या शाळेत हजर झाली नाही, तर तिची जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. पुन्हा अर्ज करायला वय उरत नव्हतं.

ती फरचे बूट चढवून बाहेर आली. “बॅटरी बघितलीत?”

“बॅटरीला काय धाड भरलीय? रात्रभर भट्टीजवळ ऊब खात पडली होती. माझ्यापेक्षा चांगली झोपली असेल. स्टार्टरच गेलाय बहुतेक.”

हा रोजचा नेमच होता. रात्रभर थंडीत राहिली की बॅटरी बसते, म्हणून रोज संध्याकाळी उइबान ती काढून घरात आणायचा आणि भट्टीजवळच्या कोपऱ्यात ठेवायचा. घरातली तेवढीच जागा खऱ्या अर्थानं गरम. त्यावरून अक्सिन्या हिवाळाभर नवऱ्याला टोमणे मारायची. “पडवीतला गोठलेला मासा मऊ व्हायला अख्खी रात्र लागते. तो कुठे ठेवू, तुमच्या डोक्यावर? रोज मेला त्या लाडक्या बॅटरीचाच नंबर!”

आज मात्र तिनं टोमणा मारला नव्हता. “बर्फाचे बूट घेऊन आत येऊ नका,” असं म्हणत सकाळी तिनं स्वतःच बॅटरी गोधडीत गुंडाळून त्याच्या हातमोज्यांतल्या हातांवर आणून ठेवली होती.

“शेजारच्या देर्गेलकाकांना तरी हाक मारा!” नारिया म्हणाली.

“हिवाळाभर इंजिन बंद न करणारा माणूस तो. नेमका काल गाडी घेऊन बहिणीकडे गेला. आपलं नशीबच फुटकं.”

उइबाननं टर्मिनल घासले. वायर हलवून पाहिल्या. स्टार्टरवर हातोडीनं ठोकलं. जीपच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सेल्फ कण्हला आणि गप्प झाला.

अक्सिन्या शाल गुंडाळून पायरीवर येऊन उभी राहिली. “झालं की नाही तुमचं? पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तुम्ही हातोड्या कसल्या मारताय!”

नारियाला आईबद्दल भरून आलं. पहिल्यापासून तीच एकटी नारियाच्या बाजूनं उभी होती. बूट तिनंच शिवले, पिशवी तिनंच भरली. बाबांचं मात्र शरद ऋतूभर एकच पालुपद होतं, “तिथे कोण बसलंय तुझं?”

तेवढ्यात धुक्यावरून घरघर ऐकू आली. तिघंही वर बघत राहिले. विमान दिसलं नाही. आवाज नदीच्या दिशेनं उतरत गेला. आता गाडी सुरू होऊनही उपयोग नव्हता. नदी ओलांडेपर्यंत ते परत उडालेलं असणार होतं.

“झालं तुमच्या मनासारखं?” नारियाचा आवाज फाटला. “रोज सुरू होणारी गाडी आजच कशी बिघडली, बाबा? मला काय कळत नाही?”

उइबाननं किल्ली काढून खिशात टाकली. पापण्यांवरचा बर्फ त्यानं पुसलासुद्धा नाही.

“नको गं असं बोलूस त्यांना,” अक्सिन्या तिला जवळ घेत म्हणाली. “चल आत. असेल एखादी वाट पुढे.”

उइबाननं बॅटरी सोडवली, काखेत घेतली आणि दोघींच्या मागोमाग घरात आला. हातमोजे दातांनी ओढून काढले. सवयीनं तो भट्टीजवळच्या कोपऱ्याकडे वळला, बॅटरी ठेवायला वाकला आणि तसाच थांबला. नारियाही त्याच्या खांद्यावरून बघत राहिली.

कोपऱ्यात परात होती. परातीत तिघांना पुरेल एवढा मोठा मासा होता, आणि तो पार काट्यापर्यंत मऊ झाला होता.