घरातले मास्क

"हात वर करा," शिवणमावशी म्हणाली.

गिऱ्हाइकाने हात वर केले. मावशीने टेप त्याच्या काखेखालून मागे नेली, पुढे आणली आणि दोन बोटं आत घालून छातीवर धरली. त्याला कोट सैल करून हवा होता. निदान सुनेने फोनवर टाईप करून तसं दाखवलं होतं.

गिऱ्हाइकाचं कोटाकडे लक्षच नव्हतं. ते भिंती बघत होतं, खिडकी बघत होतं, रस्त्यावर उघडणारं दार बघत होतं. मावशीला त्यात काही वावगं वाटलं नाही. माप देताना माणूस कुठेतरी बघणारच.

लहानपणी तापात मावशीचे कान गेले होते. बोलणं राहिलं, जरा चढ्या आवाजात. आणि ओठ वाचायची विद्या आली, ती अशी की तिच्या घरात कुजबुजून कुणाचा काही फायदा व्हायचा नाही. नवरा होता तोवर म्हणायचा, हिला मनातल्या मनात शिवी घातली तरी माझी मिशी हलते आणि मी पकडला जातो. मुलगा आणि सून भांडायचे ते तिच्याकडे पाठ फिरवून. तरी तिला आरशात दिसायचं.

मग साथ आली. मावशीने उरलेल्या कापडांचे मास्क शिवले आणि अख्ख्या गल्लीत फुकट वाटले. गल्लीने तोंडं झाकली आणि मावशी दुसऱ्यांदा बहिरी झाली. तिने कुरकुर केली नाही. जीव मोठा की गप्पा?

साथ गेली, पण जाताना माणसांना एक सोय शिकवून गेली. तोंड झाकलं की हसायचे कष्ट वाचतात. शिवी गिळावी लागत नाही. काउंटरवरचे कारकून, दुकानदार, शेजारी, ज्यांना ही सोय मानवली त्यांनी मास्क काढलेच नाहीत. मावशीच्या घरातही ते राहिले. तुझी छाती नाजूक, आम्ही बाहेर दहा ठिकाणी हिंडतो, तुला काही व्हायला नको, असं मुलाने टाईप करून दाखवलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. तिने दोघांसाठी मऊ अस्तराचे, कानाला न काचणारे मास्क शिवले. दर थोड्या दिवसांनी नवे शिवायची. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची, लोकांची मुलं आईला पाण्याला विचारत नाहीत. माझी दोघं स्वतःच्या घरात तोंड बांधून वावरतात, जेवायलासुद्धा आत जाऊन बसतात, माझ्यासाठी.

आत्ताही दोघं तिच्या पाठीमागे मास्क लावून उभी होती. गिऱ्हाइकाला मात्र मास्क द्यायचा राहून गेला होता. सगळं ठरवून करणाऱ्या माणसांकडून एवढी एकच चूक झाली.

मावशीने टेपवरचा आकडा बघितला आणि मान वर केली. समोर, वीतभर अंतरावर, गिऱ्हाइकाचे ओठ हलत होते. हे मशीन काढलं की खोली चांगली मोठी दिसेल, असं ते म्हणत होते.

आपणच चुकीचं वाचलं, असं मावशीला वाटलं. ओठ कधीकधी फसवतात. पण ते ओठ थांबले नाहीत. महिनाअखेरीस ताबा मिळाला तर बरं, म्हणाले. वृद्धाश्रमाची जागा नक्की झाली ना, नाहीतर ऐनवेळी म्हातारी दारात बसायची, म्हणाले. मग गिऱ्हाइकाने मावशीच्या डोक्यावरून मागे पाहिलं. मागून कुणीतरी खूण करत असावं, कारण ते वैतागलं.

"गप्प काय करताय मला? बहिरी आहे ना ती?"

मागून काहीतरी उत्तर गेलं. गिऱ्हाइकाच्या भुवया वर चढल्या.

"ओठांवरून? अच्छा, म्हणून घरात तोंडं बांधून बसता होय!"

आणि मग त्याचा हात आपोआप स्वतःच्या तोंडावर गेला.

टेप मावशीच्या बोटांत तशीच राहिली. तोंड बांधून बुक्क्यांचा मार म्हणतात. इथे मारणाऱ्यांनीच तोंडं बांधली होती. वर्षानुवर्षं ही दोघं तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या मशीनशेजारी बसून, तिच्याच हातच्या कापडाआडून तिची विल्हेवाट लावत होती. आणि ती समोर बसून कौतुकाने बघत होती. लेकराला दम लागतोय का, सुनेच्या कानाला दोरी रुततेय का, याची काळजी करत होती.

तिने टेप गुंडाळली आणि मशीनवर ठेवली.

"तुमचं माप झालं," ती गिऱ्हाइकाला म्हणाली. "निघा."

ते कोट न घेताच निघालं. सून लगबगीने आत गेली. मुलगा खिशातून फोन काढून भराभर काहीतरी टाईप करू लागला. मावशीने त्याच्या हातातून फोन घेतला आणि न वाचताच पालथा ठेवला.

"मास्क काढ."

त्याने काढला. कितीतरी वर्षांत तिने हे तोंड जवळून, नीट बघितलं नव्हतं. गाल सुटले होते. ओठांच्या दोन्ही बाजूंना बापासारख्याच सुरकुत्या पडल्या होत्या. ते ओठ शब्दांची जुळवाजुळव करू लागले.

"आता बोल, काय बोलायचंय ते," मावशी म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले.