अजिंक्य हात

"पूर्ण भूल नको म्हणजे नको!" मास्तर स्ट्रेचरवरूनच गरजले.

व्यायामशाळेचे मास्तर ते. दंड असा, की शर्टाची बाही शिंप्याकडून उसवून घ्यावी लागे. तोच उजवा दंड आता मोडला होता. माळ्यावरचा डबा काढताना शिडीवरून पडलो, असं त्यांनी गावभर सांगितलं होतं. पण भुलीत माणूस मनातलं बरळतो, हे कुठूनसं कानावर आल्यापासून त्यांनी हाच हेका धरला होता.

"नुसता हात बधिर करू," भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही जागेच राहाल."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

बाहेर बाकावर त्यांची बायको बसली होती. मूर्ती किरकोळ. बेकरीतून तशीच धावत आलेली, कोपरापर्यंत पीठ. थर्मासचं झाकण घट्ट बसलं होतं. वॉर्डबॉय मामांनी दातओठ खाल्ले तरी ते हलेना. तिने ते बोलता बोलता फिरवलं आणि पहिला चहा मामांनाच दिला.

आत, पडद्यापलीकडे ड्रिल घरघरू लागलं.

"शिडीवरून पडून हाड असं पिळवटत नाही हो," सर्जन म्हणाले. "हे पंजा लढवताना मोडलंय. खरं सांगा."

मास्तरांना घाम फुटला. व्यायामशाळेच्या पाटीवर 'पंजात अजिंक्य' असं त्यांनी स्वतःच रंगवून घेतलं होतं. ही बातमी फुटली, तर तिकडे चिटपाखरूही फिरकणार नव्हतं.

"ट्रक ड्रायव्हर होता," ते अखेर पुटपुटले. "साडेसहा फूट. हात कसला, ओंडका! कुणाला सांगू नका, डॉक्टर."

"छे हो. घरचे सोडून कुणाला सांगणार?"

संध्याकाळी सर्जन खाटेपाशी आले आणि बायकोला म्हणाले, "वहिनी, यांना असल्या राक्षसांच्या नादी लागू देऊ नका."

"कसला राक्षस?"

"तो ट्रक ड्रायव्हर. साडेसहा फुटी."

मास्तरांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"नाही हो लागू देणार," बायको मास्तरांकडे बघत म्हणाली.

सर्जन गेले. तिने पांघरूण सारखं केलं, कपाळावरून मायेने हात फिरवला.

"फार दुखतंय का हो?"

"नाही गं."

"मग बरं. पण पैज ती पैज. महिनाभर भांडी तुम्हीच घासायची, डाव्या हाताने का होईना."