उजवी बाही

वंदनेच्या चपला अंगणात वाजल्या तशी जनकाबाईंनी ओट्यावरून खाली लोंबणारी बाही मांडीवर ओढून घ्यायला सुरुवात केली. पण ती एका ओढीत यायची नव्हती. वंदना ओट्याशी पोचली तरी त्या ओढतच होत्या.

"काकू, टोपी झाली का माह्या पोराची?"

"कालच झाली. डोक्सं बापावर गेलं त्याचं. मोठं हाय अन् आत काय हाय ते देवाले ठाऊक. लोकर जास्त लागली."

वंदना हसली. शेजारची सून ती, गावातलं वाचनालय तीच सांभाळायची. टोपी तिनं उलटसुलट करून पाहिली. एक टाका सैल सापडेल तर शपथ.

"टोपी दोन दिसात होते तुमची. मंग हे काऊन होत नाही?"

हे म्हणजे मांडीवरचा राखाडी स्वेटर. पाठ झाली होती, पोट झालं होतं, गळा झाला होता, डावी बाही मनगटापर्यंत बांधून झाली होती. उजवी तेवढी चार सुयांवर अडकलेली. खांद्यापासून निघाली ती माणसाचा हात केव्हाच मागं टाकून गेली होती.

"बाही हाय का इहिरीचा दोर?"

"माप मिळाल्याबिगर मनगट कसं बांधू?"

"डाव्या बाहीशी जुळवा नं."

"तुह्या नवऱ्याचे हात असतीन सारखे. आमच्या यायचा उजवा हात बैलबंडीखाली मोडला होता, बोटभर आखूड जुळला. मी कधी डाव्यावरून उजवं विनलं नाही. हातालेच लावून पाह्यतो."

वंदनेनं बाहीवरून नजर काढली. तुरी सोंगायच्या, कापणीच्या दिवसांत जनकाबाईंचे यजमान माणिकराव गेले, तेव्हा तीच रात्रभर जनकाबाईंजवळ बसली होती.

माणिकरावांची खुर्ची ओट्यावरच होती. दुपारचं जेवण झालं की ते तिच्यावर बसून पुस्तक वाचायचे आणि जनकाबाई खाली बसून विणायच्या. जनकाबाईंची स्वतःची शाळा दुसरीतच सुटलेली. वाचताना माणिकरावांची एक खोड होती. एक ओळ झाली की थांबायचे. जनकाबाईंनी 'हं' म्हटल्याशिवाय पुढची ओळ नाही. मध्येच त्या म्हणायच्या, "धरा हात." की पुस्तक डाव्या हातात जायचं, उजवा पुढं यायचा, वाचणं चालूच.

आता खुर्चीवर नुसतं पुस्तक होतं. वंदनेनं ते उचललं.

"काकू, हे घेऊन जाऊ का? दिवाळीपासून तुमच्याकडंच हाय. सोमवारी तपासणी हाय वाचनालयाची, सगळे पुस्तकं कपाटात दिसले पाहिजे. अन् हिंमतराव गुरुजीबी मांगून राह्यले."

"त्याले कायले पाह्यजे? चष्मा नाकावर ठेवून झोपते तो. ठेव तिथं. वाचून राह्यली मी."

"तुम्ही?"

"काऊन? मले काय अक्षरं चावतात?"

वंदनेनं पुस्तक उघडलं. मधोमध राखाडी लोकरीचा एक तुकडा घातलेला होता. त्याच्या अलीकडची पानं मऊ पडली होती, कडा काळ्या झाल्या होत्या, ओळींखाली सुईचं टोक फिरल्याच्या बारीक रेघा होत्या. पलीकडची पानं कोरी करकरीत. तिनं तुकडा उचलायला बोट घातलं.

"त्याले हात नोको लावू!"

वंदनेनं बोट काढलं.

"जहाज तर अजून बंदरातच हाय इथं," ती हळूच म्हणाली. "इथलोगच वाचता का तुम्ही? परत परत?"

"पुढचं यायनं वाचलं नाही अजून."

समोरच्या लिंबावर कावळा ओरडून गेला. वंदना ओट्याच्या कडेला टेकली.

"मी वाचून दाखवू का, काकू? पाहू तरी जहाज सुटते का."

"तू? एसटीची पाटी वाचल्यावानी वाचतं तू. राहू दे. पोरगं उठलं असंन तुह्यं, जाय."

वंदना उठली. पुस्तक तिनं होतं तसं खुर्चीवर ठेवलं, लोकर जागच्या जागी.

"सोमवारी सकाळी येतो मंग," ती म्हणाली. फाटकाशी गेल्यावर तिनं एकदा मागं वळून पाहिलं. जनकाबाई सुयांकडं बघत होत्या, म्हणून ती गेली.

सुया काही हलत नव्हत्या.

ऊन ओट्यावरून उतरायला लागलं. जनकाबाई भिंतीचा आधार घेऊन उठल्या. ज्या खुर्चीवर इतक्या वर्षांत कधी बसल्या नव्हत्या, तिच्यावर बसल्या. पुस्तक मांडीवर घेतलं. मग स्वेटर उचलला आणि सवयीनं म्हणाल्या, "धरा हात."

थोड्या वेळानं त्यांनी आपलाच उजवा हात खांद्यातून आत घातला. कोपर गेलं, मनगट गेलं. बोटं आतच कुठंतरी राहिली. बाही पुढं रिकामीच लोंबत होती, टोकाच्या सुया फरशीवर वाजल्या.

डाव्या हातानं त्यांनी लोकरीचा तुकडा काढला, दातांत धरला, पान उलटलं. ओळीखाली बोट ठेवलं. तुकडा पदरात टाकला आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं, "दुसऱ्या... दिवशी... सकाळी... जहाजानं... बंदर... सोडलं."

जनकाबाई थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

मग खाली, आपल्या नेहमीच्या जागेकडं बघत, त्यांनीच म्हटलं, "हं."