नरम ब्रेक

“दाब,” गाडीखालून मुलाचा आवाज आला.

आईने ब्रेक दाबला. पाय चिखलात रुतावा तसा हळूहळू खाली गेला.

“धर.” तिने धरला. पलीकडे नट किंचित सैल झाला, नळीतून थोडं ब्रेक ऑइल बाटलीत उतरलं, नट पुन्हा आवळला गेला. “सोड.” तिने पाय उचलला. सकाळपासून हे किती वेळा झालं याची मोजदाद दोघांनीही ठेवली नव्हती. ब्रेकमधली हवा काही संपत नव्हती, आणि ती असेतो पेडल नरमच राहणार होतं.

गाडी एवढीशी, पण पळायला चित्त्याची जात. पुढची दोन्ही चाकं काढून गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली होती. मुलाने तिच्यासाठी नवे, मोठे ब्रेक आणले होते. ताटाएवढ्या डिस्क आणि त्यांना दोन्हीकडून चिमटीत धरणारे लाल कॅलिपर. तो राहतो तिथे गाडीखाली झोपायची सोय नव्हती, इमारतीतले लोक कुरकुर करत. इथे अंगणापलीकडे शेड होती, बाबांची हत्यारं होती आणि ब्रेक दाबायला आई होती. अकरा महिन्यांनी तो घरी आला होता. फोनवर त्याने आधी जॅक चालू आहे का ते विचारलं आणि मग तिची तब्येत. तिला त्याचं काही वाटलं नाही. जॅक चालू आहे असं तिने लगेच सांगून टाकलं आणि फोन ठेवल्यावर शेडमध्ये जाऊन तो खरंच चालतो का ते पाहिलं.

या कामाला दोन माणसं लागतात. एक चाकाशी, एक सीटवर. नवरा होता तेव्हा रविवारच्या रविवार तीच सीटवर बसे. ओळखीपाळखीतल्या सगळ्या गाड्यांचे ब्रेक तिने दाबले होते. नवरा चारचौघांत तिला ‘माझा उजवा पाय’ म्हणायचा, आणि ती डोळे वटारायची. तो गेल्याला सहा वर्षं झाली. शेड ती अजून दर शनिवारी झाडत असे. पाने तेलाच्या फडक्याने पुसून मापाप्रमाणे टांगून ठेवत असे. त्यांना हात लावणारं कुणी नव्हतं.

सकाळी मुलाने पहिला कॅलिपर बसवला तेव्हा ती शेजारीच उभी होती. बोल्ट आवळताना त्याच्या कपाळावर अगदी बाबांसारखी आठी पडत होती. ती काहीतरी बोलणार होती. मग तिने विचारलं, जेवायला काय करू. तो म्हणाला की जेवायला थांबत नाही, अकरापर्यंत गाडी खाली उतरली की निघेन. उद्या ऑफिस आहे आणि डोंगरातला रस्ता उजेडातच संपवायचा आहे. ती बरं म्हणाली. दुसऱ्या कॅलिपरचे बोल्ट तिनेच त्याच्या हातात दिले.

अकरा वाजले. पेडल नरमच. बारा वाजता त्याने सगळे जोड पुन्हा आवळून पाहिले. एक वाजता तो वैतागला आणि ऑइलच खराब निघालं असं म्हणू लागला. आई म्हणाली की रिकाम्या पोटी सगळंच खराब लागतं, आणि त्याला हात धुवायला पाठवलं.

जेवताना तो बोलायला लागला. आधी ऑफिसबद्दल. मग एका मुलीबद्दल, जिच्याशी बोलणं आता बंद झालं होतं. मग म्हणाला की संध्याकाळी खोलीवर गेलं की दिवा लावायचासुद्धा कंटाळा येतो. ती ऐकत राहिली. तिच्या घरातही बऱ्याच संध्याकाळी दिवा लागत नसे. ते तिने सांगितलं नाही. त्याच्या पानात आणखी थोडं वाढलं.

जेवणानंतर पुन्हा तेच. दाब, धर, सोड. मधेमधे गप्पा. आधी वेग वाढवायचा आणि मग थांबायची सोय बघायची, ही तुमच्या पिढीची अजब रीत, असं ती म्हणाली तेव्हा तो गाडीखालून मोठ्याने हसला. शेडच्या पत्र्याला हसण्याची सवयच राहिली नव्हती. आवाज बराच वेळ घुमला.

चार वाजता त्याने हार मानली. चाकं चढवली, घोड्या काढल्या, हात पुसले आणि सीटवर बसून ब्रेक दाबून पाहिला. पेडल पार खाली जात होतं. दोनदा दाबलं की लागतो ब्रेक, तो म्हणाला. हळू जाईन, उद्या तिकडे एखाद्या गॅरेजात दाखवीन. त्याने किल्ली फिरवली.

आई गाडीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

“बंद कर ती,” ती म्हणाली. “आणि चाकं काढ. उजवा कॅलिपर डावीकडे लागलाय आणि डावा उजवीकडे. हवा काढायचा नट वरच्या बाजूला पाहिजे, तुझा खाली गेलाय. हवा वर अडकून बसली आहे. दिवसभर तू नुसतं ऑइल काढतोयस.”

तो खाली उतरला. चाकाशी गुडघे टेकून, मान वाकडी करून त्याने आत पाहिलं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं. उठला तेव्हा त्याचा चेहरा लहानपणी गणित चुकल्यावर व्हायचा तसा झाला होता.

“तुला हे कधी कळलं?”

“सकाळी. तू पहिला बसवलास तेव्हा.”

“अगं आई, मग तेव्हाच बोलायचं नाही का? जेवायच्या आधीच निघालो असतो मी.”

“हो,” आई म्हणाली, “निघाला असतास.”