नव्वद मिनिटांची सोय

आपला देश पहिल्यांदाच फुटबॉलच्या विश्वचषकाला पात्र ठरला. ड्रेसिंग रूममध्ये मात्र आता जगातल्या मोठ्या संघांशी खेळायची धास्ती पसरली. सगळ्यांनी मान खाली घालून बुटांच्या नाड्या सोडल्या. प्रशिक्षक म्हणाले, "काही झालेलं नाही. सोमवारी आपापल्या कामावर जा."

गोलकीपर दातांचा डॉक्टर होता. सोमवारी तो एका आजींची दाढ कोरत असताना बायकोने दारातून डोकावून सांगितलं, "अहो, गट जाहीर झाले. पहिलाच सामना गतविजेत्यांशी. गेल्या महिन्यात ज्याच्या फटक्याने एका गोलकीपरचं मनगट मोडलं ना, तोच तुमच्यासमोर."

आजींनी तोंडातला कापूस काढला. "डॉक्टर, हात कापतोय तुमचा."

"थंडी आहे."

"मग घाम पुसा आधी."

त्याने ड्रिल खाली ठेवलं. याच मनगटावर घर चालत होतं. माघार घ्यावी, तर देशात दुसरा गोलकीपर एकच होता आणि तो विमानाला घाबरायचा.

"एवढं काय त्यात," आजी म्हणाल्या. "मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"खोटं सांगतो, आजी."

आजींनी तोंड मिटलं, ते पुन्हा उघडलंच नाही.

मग हातमोजे काढून तो फुटबॉल महासंघाला ईमेल लिहायला बसला: 'समोरच्या संघाची हरकत नसल्यास, गोलकीपरला नव्वद मिनिटांपुरती पूर्ण भूल देऊन गोलमध्ये उभं करण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'